सत्तरच्या दशकातलं रॉक ऐकायला बसताय? गाणी नका मोजू, बाजू मोजा

इंग्रजी रॉक ऐकायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारलं की बहुतेक जाणकार एक लांबलचक यादी पाठवून मोकळे होतात. नवखा माणूस त्यातली वीस-पंचवीस गाणी प्लेलिस्टमध्ये टाकतो, लोकलमध्ये किंवा जिममध्ये उलटसुलट ऐकतो आणि थोड्याच दिवसांत ‘नुसता गोंगाट आहे, कळत काही नाही’ म्हणून नाद सोडतो. यात त्याच्या कानाचा काही दोष नाही. १९७० ते १९७९ या काळातलं चांगलं रॉक सुट्या गाण्यांच्या हिशेबानं रचलेलंच नाही. ते एलपीच्या, म्हणजे लाँग प्ले तबकडीच्या, हिशेबानं रचलंय, आणि एलपीचा खरा तुकडा म्हणजे एक बाजू. साधारण २० ते २२ मिनिटं. ख्यालाची बैठक ऐकलेल्या किंवा नाट्यपदं वन्समोअरसकट ऐकलेल्या माणसाला तेवढा वेळ एका जागी बसणं जड जायचं कारण नाही.

मी याच वाटेनं गेलो, नंतर घरातल्या आणि ऑफिसातल्या बऱ्याच जणांना घेऊन गेलो. कोण कुठे अडतं, कोण कुठे पळून जातं, हे बघून खालचा क्रम ठरवलाय. पायऱ्या गाळू नका. विशेषतः तिसरी आणि चौथी कंटाळवाणी वाटेल, पण लोक अडकतात ते तिथेच.

१. आधी ‘बाजू’ म्हणजे काय ते समजून घ्या

एलपी म्हणजे १२ इंची तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे. एका बाजूवर जास्त मिनिटं कोंबली की खाचा दाटीवाटीनं कोराव्या लागतात आणि आवाज दबतो. शिवाय सुई मध्याकडे सरकत जाते तसा तिच्या वाट्याला येणाऱ्या खाचेचा वेग कमी होत जातो, त्यामुळे बाजूच्या शेवटाकडे झांजांसारखे बारीक, तीक्ष्ण आवाज तितके स्वच्छ उमटत नाहीत. म्हणून दणक्याचं गाणं बाजूच्या सुरुवातीला आणि शांत गाणं शेवटाला ठेवणं सोयीचं असे. सोय, नियम नव्हे. लेड झेपलिननं चौथ्या अल्बमचा शेवट अख्ख्या दशकातल्या सगळ्यात अवजड ड्रम्सनी केलाय.

यातून झालं असं, की प्रत्येक अल्बमला दोन सुरुवाती आणि दोन शेवट मिळाले. फ्लीटवुड मॅकच्या ‘रूमर्स’ची पहिली बाजू ‘साँगबर्ड’ या जवळजवळ नुसत्या पियानोवरच्या गाण्यानं संपते. मग ऐकणाऱ्यानं उठायचं, तबकडी उलटायची, सुई ठेवायची. दुसरी बाजू ‘द चेन’नं उघडते, त्यात ठोका आणि ताण दोन्ही. ॲपवर ही दोन गाणी एकमेकांना खेटून येतात आणि मधली ती उसंत हरवते. म्हणून पहिला नियम: बाजू संपली की थांबा. पाणी प्या, खिडकीशी जा, पण लगेच पुढचं लावू नका.

२. काय काय लागेल

- कान झाकणारा हेडफोन, शक्यतो वायरचा. महागडा नको. फोनच्या स्पीकरवर बेस गिटार, म्हणजे खर्जातले सूर धरणारी गिटार, ऐकूच येत नाही, आणि या दशकातलं निम्मं रॉक बेसवर उभं आहे.
- पूर्ण अल्बम. ॲपवर, सीडीवर, कशावरही. व्हिडिओ नको.
- अल्बमच्या गाण्यांची बाजूनुसार लिहिलेली यादी. ॲप बाजू दाखवत नाही. मूळ एलपीची यादी शोधून कागदावर उतरवून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.
- गाण्यांचे शब्द, पण दुसऱ्या ऐकण्यासाठी. पहिल्या वेळी डोळे शब्दांवर ठेवलेत तर कान झोपतो.
- मोकळी २०-२२ मिनिटं. दोन्ही बाजू एकाच दिवशी ऐकायलाच हव्यात असं नाही.

गिटार यायला हवी का? नको. इंग्रजी पक्कं हवं का? तेही नको. त्या काळातल्या खुद्द इंग्रजांनाही अर्ध्याअधिक ओळी कळत नसत.

३. ॲपच्या सेटिंगमध्ये आधी शिरा

शफल बंद. क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच दुसरं सुरू करणारी सोय) शून्यावर. गॅपलेस (दोन गाण्यांमधे फट न पाडणारी सोय) चालू. अल्बम संपल्यावर आपोआप भलतंच काही सुरू करणारं ऑटोप्ले बंद. आवाज समान करणारी सोय असेल तर बंद ठेवा, किंवा ‘अल्बम’ असा पर्याय दिसला तर तो निवडा. नाहीतर मुद्दाम हळू ठेवलेलं गाणं शेजारच्या गाण्याइतकं फुगवलं जाण्याची शक्यता असते.

गॅपलेसचा आग्रह अशासाठी, की पिंक फ्लॉइडसारख्यांच्या अल्बममध्ये एक गाणं दुसऱ्यात विरघळतं. तिथे अर्ध्या सेकंदाची जरी फट पडली तरी ठेच लागते. फुकटच्या खात्यावर जाहिराती किंवा सक्तीचं शफल येत असेल, तर जुनी सीडी मिळवणं परवडलं.

४. कोणती आवृत्ती ऐकायची

एकाच अल्बमच्या पाच-सहा आवृत्त्या समोर येतात आणि नवखा माणूस हमखास चुकीची उचलतो. ओळखायचं कसं, ते सांगतो.

रीमास्टर म्हणजे तयार झालेल्या शेवटच्या टेपवरून नव्यानं केलेली प्रत. गाणं तेच, आवाजाचा पोत थोडा वेगळा. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे बरेच रीमास्टर फार चढ्या आवाजात केले गेले. पहिल्या मिनिटाला भारी वाटतं, दहाव्या मिनिटाला कान दुखतो. एकाच गाण्याच्या दोन प्रती असतील तर जिच्यात हळू आवाजातला भाग खरोखर हळू लागतो, ती घ्या.

रीमिक्स ही वेगळी गोष्ट. तिथे मूळ सुट्या ट्रॅकपर्यंत मागे जाऊन प्रत्येक वाद्याची जागा नव्यानं ठरवतात. स्टीव्हन विल्सन या संगीतकारानं येस आणि जेथ्रो टल या बँडचे अल्बम असे नव्यानं मिक्स केलेत आणि ते सुरेख आहेत. तरी पहिली ओळख मूळ मिक्सशीच करा.

डिलक्स आवृत्ती हा सगळ्यात मोठा सापळा. अल्बम संपला तरी पुढे कच्चे टेक, अर्धवट तालमी, कुठल्याशा मैफिलीतले तुकडे येतच राहतात आणि शेवटाचा पार विचका होतो. कधी कधी तर जास्तीचं गाणं मधेच घुसवलेलं असतं. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हे स्टीव्ही निक्सचं गाणं १९७७ मध्ये ‘रूमर्स’मधून वगळावं लागलं, कारण एलपीवर ते मावत नव्हतं. गाणं फार चांगलं आहे, जरूर ऐका. पण वेगळं ऐका.

आणि ‘ग्रेटेस्ट हिट्स’ला सध्या हात लावू नका. गाणी ओळखीची होतील, बँड मात्र अनोळखीच राहील.

ॲपवर दिसणाऱ्या वर्षावर विसंबू नका, हेही सांगून ठेवतो. १९७२ च्या अल्बमसमोर २०१२ लिहिलेलं दिसलं तर ते त्या प्रतीचं वर्ष आहे.

५. पहिले ५ अल्बम, याच क्रमानं

बरेच जण नवख्याच्या हातात थेट पिंक फ्लॉइड देतात. माझ्या यादीत तो पाचवा आहे. आधी गळा, मग रिफ, मग बेस आणि ड्रम्स, मग स्टुडिओ, या क्रमानं कान तयार होतो.

*पहिला: फ्लीटवुड मॅक, ‘रूमर्स’, फेब्रुवारी १९७७.* आपला कान चालीवर आणि गळ्यावर वाढलेला, म्हणून इथून सुरुवात. तीन वेगवेगळे गाणारे आहेत: लिंडसे बकिंगहॅम, स्टीव्ही निक्स, क्रिस्टीन मॅकव्ही. रेकॉर्डिंग मुख्यतः सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसलिटोमध्ये झालं तेव्हा क्रिस्टीन आणि बेसवाला जॉन मॅकव्ही यांचं लग्न मोडत होतं, लिंडसे-स्टीव्ही वेगळे झाले होते आणि ड्रमर मिक फ्लीटवुडच्या घरीही तेच चाललं होतं. तरी पाचही जण रोज एका खोलीत. ‘यू मेक लव्हिंग फन’ हे क्रिस्टीननं दुसऱ्या पुरुषावर लिहिलेलं गाणं, आणि त्यात बेस वाजवतोय तिचा नवरा! हे माहीत असलं की गोड चालींखालचं कडू जाणवायला लागतं. ‘द चेन’मध्ये तिसरं मिनिट उलटलं की सगळे थांबतात आणि बेस एकटा पुढे येतो. त्या जागेपासून बेस नावाच्या वाद्याकडे लक्ष द्यायला लागा.

*दुसरा: डीप पर्पल, ‘मशीन हेड’, मार्च १९७२.* रिफ म्हणजे गिटारवर किंवा ऑर्गनवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वरसमूह, ज्याच्या खुंटीवर गाणं टांगलेलं असतं. ते समजायला यापेक्षा सोपा अल्बम नाही. त्याची कथा तुम्ही ऐकली असेल, पण पूर्ण ऐका. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावच्या कसिनोमध्ये रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं. ४ डिसेंबर १९७१ ला तिथे फ्रँक झॅपा या अमेरिकन संगीतकाराचा कार्यक्रम सुरू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन (आगीचा इशारा सोडणारं पिस्तूल) झाडली, छत पेटलं आणि कसिनो जळून खाक झाला. तलावावर पसरलेला धूर या मंडळींनी हॉटेलातून पाहिला. त्याचं गाणं झालं, ‘स्मोक ऑन द वॉटर’. मग थंडीसाठी बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलात गाद्या-गिरद्या लावून रेकॉर्डिंग झालं. रोलिंग स्टोन्सकडून भाड्यानं आणलेली रेकॉर्डिंगची गाडी बाहेर उभी होती. तिथपर्यंत जायचा रस्ता इतका अडनिडा होता की प्रत्येक टेक पुन्हा ऐकायला जायचा कंटाळा यायचा. अल्बममधला ताजेपणा थोडाफार त्या कंटाळ्यातून आलाय असं माझं मत.

पहिल्या बाजूवर ‘हायवे स्टार’ ऐकताना जॉन लॉर्डचा ऑर्गन आधी आणि रिची ब्लॅकमोरची गिटार नंतर, असे दोन लांब सोलो, म्हणजे एकाच वाद्याला पुढे आणणारे तुकडे, येतात. दोन्हींची घडण युरोपीय शास्त्रीय संगीतातून उचललेली आहे. लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून वाजवायचा, म्हणून तो इतका खरखरीत लागतो. ‘स्मोक ऑन द वॉटर’ दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं आहे. सरळ उडी मारून तिथे जाऊ नका.

*तिसरा: द हू, ‘हूज नेक्स्ट’, ऑगस्ट १९७१.* याचं पहिलं गाणं ‘बाबा ओ’रायली’. नावातले ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा. पुण्यात १८९४ मध्ये जन्मलेले, नगरजवळच्या मेहेराबादला ज्यांची समाधी आहे, तेच. बँडचा गिटारवाला आणि मुख्य गीतकार पीट टाउनशेंड त्यांचा भक्त होता. ‘रायली’ म्हणजे टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार, ज्याच्या आवर्तनांच्या रचनांवरून गाण्याची सुरुवात सुचली. नगरकरांना हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ‘काहीतरीच!’ अशी येते.

सापळा: ‘बाबा ओ’रायली’ हे शब्द गाण्यात कुठेच येत नाहीत. ऐकलेल्या शब्दांवरून शोधलंत तर गाणं भलत्याच नावानं पुढे येतं, बऱ्याचदा कुणाच्या तरी नकलेच्या रूपात. अल्बमच्या नावानं शोधा.

सुरुवातीचा तो गरगरणारा आवाज सिंथेसायझरचा वाटतो. तो लोरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनच्या एका सेटिंगचा आहे. त्या न थांबणाऱ्या आवाजावर कीथ मून ड्रम्स वाजवतो, म्हणजे तालाशी भांडतो असंच म्हणा. जॉन एन्टविसलचा बेस तर मागे राहायला तयारच नसतो. या बँडमध्ये ठेका गिटार धरते आणि बागडतात बेस-ड्रम्स. पहिल्यांदा ऐकताना फक्त बेसवर लक्ष ठेवा, दुसऱ्यांदा फक्त ड्रम्सवर. शेवटचं ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ साडेआठ मिनिटांचं आहे. त्यात सगळं थांबून नुसता ऑर्गन उरतो, मग ड्रम्स आणि मग गायक रॉजर डाल्ट्रीची किंकाळी. आवाज कमी ठेवून ऐकलंत तर फुकट.

*चौथा: लेड झेपलिन, चौथा अल्बम, नोव्हेंबर १९७१.* याला नाव नाही. कव्हरवर बँडचंही नाव नाही. पाठीवर मोळी घेतलेल्या म्हाताऱ्याची तसबीर, बस. ॲपवर तो ‘लेड झेपलिन ४’ म्हणून सापडतो. सगळे ‘स्टेअरवे टु हेवन’साठी येतात. आठ मिनिटांचं ते गाणं चांगलंच आहे, त्यावर वेगळं काय बोलायचं? ते पहिल्या बाजूचा शेवट आहे, तिथे त्याला पोचू द्या. माझ्या मते अल्बमचा कळस आहे दुसऱ्या बाजूचा शेवट, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. मूळ गाणं मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं, १९२९ चं, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावरचं. इथले ड्रम्स हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वाड्यात जिन्याच्या पायथ्याशी ठेवले आणि माइक जिन्यावरून वर टांगले. तो घुमारा त्या जिन्याचा आहे.

याच बाजूवरचं ‘फोर स्टिक्स’ लक्षात ठेवा. ड्रमर जॉन बॉनमनं दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवलं म्हणून ते नाव. १९७२ मध्ये बँडचा गिटारवाला जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट मुंबईत आले, तेव्हा इथल्या वादकांना घेऊन त्यांनी हे गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. ते रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर आलं थेट २०१५ मध्ये, त्यांच्या ‘कोडा’ या अल्बमच्या डिलक्स आवृत्तीत. डिलक्स आवृत्तीचं समर्थन मी करतो ते एवढ्यापुरतं.

*पाचवा: पिंक फ्लॉइड, ‘द डार्क साइड ऑफ द मून’, मार्च १९७३.* आता कान तयार आहे. रात्र, अंधार, हेडफोन. सुमारे ४३ मिनिटं. ही एकच वेळ अशी, की दोन्ही बाजू एका बैठकीत ऐकल्या तरी चालेल, मधे एक छोटी उसंत मात्र घ्या. हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, त्यांनीच संपतो. ‘टाइम’च्या सुरुवातीची घड्याळं ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सनं जुन्या घड्याळांच्या दुकानांत जाऊन एकेक करून टिपली होती. आवाज आधीच चढा ठेवलात तर तिथे दचकाल, सांगून ठेवतो.

पहिल्या बाजूचा शेवट ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. यात गायलेले शब्द नाहीत, फक्त क्लेअर टॉरी या गायिकेचा आवाज. तिला काय गायचं हे कुणीच नीट सांगितलं नव्हतं. तिनं आलाप घेतला. तेव्हा तिला मिळाले ३० पौंड. पुढे ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनेच्या श्रेयात तिचंही नाव लागतं.

दुसरी बाजू ‘मनी’नं उघडते. नाणी, गल्ल्याची खणखण, फाटणारा कागद, हे सगळं टेपचे तुकडे मोजून-मापून चिकटवून केलंय. त्यावर जो बेस येतो तो मोजा: सात. रूपकाच्या मात्रांइतका. बोटांवर धरून पाहा, दोन-तीन आवर्तनांत बसेल. मग गिटारचा सोलो सुरू झाला की गाणं चारावर येतं आणि सोलो संपला की परत सातावर. तबला थोडाफार ऐकलेला माणूस इथे खूश होतो. आणि बरेच इंग्रजी श्रोते वर्षानुवर्षं ऐकूनही ही गंमत मोजायला जात नाहीत.

६. मग ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चं काय?

हा प्रश्न येतोच. आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगपासून हिल स्टेशनवरच्या शेकोटीपर्यंत इंग्रजी गाणं म्हणजे हेच. ईगल्सचा हा अल्बम डिसेंबर १९७६ चा. पण ज्यात आधी लांबलचक गिटार आणि हातांनी वाजवलेला ठेका येतो, लोक टाळ्या वाजवतात आणि मग गाणं सुरू होतं, ते रेकॉर्डिंग १९९४ चं आहे. बँड १४ वर्षांनी पुन्हा एकत्र आला तेव्हाचं. तुमच्या डोक्यात ते बसलं असेल तर मूळ गाणं पहिल्यांदा फिकं वाटेल. दोनदा ऐका. शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या दोन इलेक्ट्रिक गिटारी आधी आळीपाळीनं आणि मग जोडीनं चालतात, ते मूळचंच खरं.

अल्बम म्हणून? पहिली बाजू भक्कम. दुसरी मधे रेंगाळते, पण शेवटचं ‘द लास्ट रिसॉर्ट’ तिला तारून नेतं.

७. दुसरी फेरी: जे आवडलं त्याच्या मागे जा

इथून पुढे सगळ्यांचा रस्ता एक नाही.

गळा आणि चाली आवडल्या असतील तर क्वीनचा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’, नोव्हेंबर १९७५. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारला पारशी घरात जन्मलेला फारुख बलसारा, शिकला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. शाळेतच ‘द हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ५ मिनिटं ५५ सेकंदांची आहे आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे येते. पण या अल्बमवर ‘गुड कंपनी’ शोधा: त्यातला ट्रम्पेट-क्लॅरिनेटचा वाटणारा जुना जॅझ बँड म्हणजे क्वीनचा गिटारवाला ब्रायन मेनं वडिलांबरोबर घरी बनवलेली गिटार आहे. क्वीनच्या बाबतीत ‘ग्रेटेस्ट हिट्स’चा मोह सर्वांत जास्त होतो. आवरा.

वजन आवडलं असेल तर ब्लॅक सॅबथचा ‘पॅरानॉइड’, सप्टेंबर १९७०. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्यांचा गिटारवाला टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि हलक्या तारा लावल्या. पुढे तर तारा खालच्या सुरात उतरवल्या. हेवी मेटलचा काळोखा आवाज बराचसा तिथून आला.

लांब रचना आवडल्या असतील तर येसचा ‘क्लोज टु द एज’ किंवा जेथ्रो टलचा ‘थिक ॲज अ ब्रिक’, दोन्ही १९७२ चे. दुसऱ्यात तर अख्खा अल्बम हे एकच गाणं आहे, दोन बाजूंवर तोडलेलं, आणि कव्हर म्हणजे १२ पानांचं खोटं वर्तमानपत्र. जेथ्रो टलच्या इयन अँडरसनची बासरी आपल्या बासरीसारखी अपेक्षू नका. तो तिच्यात गुरगुरतो.

पिंक फ्लॉइडच आणखी हवा असेल तर १९७५ चा ‘विश यू वेअर हिअर’. माझ्या मते ‘डार्क साइड’पेक्षा सरस, पण त्याच्यानंतर ऐकला तरच. हा अल्बम बँडपासून तुटलेल्या सिड बॅरेटच्या आठवणीत आहे. रेकॉर्डिंग चालू असताना तोच स्टुडिओत आला, डोकं आणि भुवया भादरलेला, आणि आधी कुणी त्याला ओळखलंच नाही.

आणि हे सगळं फार सजवलेलं, फार लांबलचक वाटलं? मग तुमच्यासारखेच वैतागलेले तरुण तेव्हाही होते. १९७६ चा रमोन्सचा पहिला अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो. क्लॅशचा ‘लंडन कॉलिंग’ डिसेंबर १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये आला, दोन तबकड्या एकीच्या किमतीत. कुठल्याही एका बाजूपासून सुरू करा.

रोलिंग स्टोन्सचा ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ मात्र एवढ्यात नको. समीक्षकांचा लाडका आहे, पण चार बाजूंचा, मुद्दाम गढूळ ठेवल्यासारखा. नवख्याला त्यात गाणी दिसतच नाहीत. वर्षभरानं बघा.

८. एक तरी लाइव्ह अल्बम

‘मशीन हेड’ चांगला ओळखीचा झाला की डीप पर्पलचा ‘मेड इन जपान’ लावा. ऑगस्ट १९७२ मधल्या ओसाका आणि टोकियोच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग. दोन तबकड्या, गाणी फक्त सात. ‘स्पेस ट्रकिन’’ स्टुडिओत साडेचार मिनिटांचं, इथे त्यानं चौथी बाजू एकट्यानं खाल्लीय. बंदिश तीच, विस्तार नवा, हे आपल्याला समजावून सांगायला नको. आधी मूळ ऐकल्याशिवाय मात्र विस्तार कशाचा चाललाय ते कळणार नाही, म्हणून हा आठव्या पायरीवर.

लाइव्ह अल्बम शोधताना ठिकाण आणि वर्ष बघा. म्हातारपणी केलेल्या पुनर्मीलन दौऱ्यांची रेकॉर्डिंगं शोधात वर येतात आणि त्यांत गळा गेलेला असतो.

९. तबकडीच घ्यायची असेल तर

घ्यायलाच हवी असं नाही. पण बाजू उलटण्याची सवय लागली की हात शिवशिवतात. तेव्हा पुढचं आधी वाचा.

सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर टाळा. त्यांची सुई जड बसते, तबकडी झिजवते. सुईचा भार जुळवता येईल असा साधा टर्नटेबल घ्या आणि त्यात फोनो प्रीॲम्प (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग) आहे का ते विचारा. नसेल तर वेगळा घ्यावा लागतो, नाहीतर स्पीकरमधून नुसती कुजबुज येते आणि लोक मशीन परत करायला धावतात.

जुनी तबकडी मुंबईत चोर बाजारात, पुण्यात जुन्या बाजारात किंवा ओळखीच्या रद्दीवाल्याकडे मिळते. मुंबईच्या काळाघोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, जुन्या माहितीवर विसंबून तिथे जाऊ नका. विकत घेताना तबकडी कव्हरमधून बाहेर काढाच. उजेडात तिरकी धरा. केसासारखे बारीक ओरखडे चालतात, नखाला लागणारा ओरखडा चालत नाही. डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकलीय का बघा. आत तीच तबकडी आहे ना, हेही बघा. ‘रूमर्स’च्या कव्हरातून भक्तिगीतं निघतात. गाण्यांचे कागद आणि पोस्टर जुन्या प्रतींतून बहुधा गेलेली असतात, त्यावर भाव पाडून मागा.

लेबलाजवळच्या मोकळ्या कड्यात कोरलेले आकडे-अक्षरं असतात. ती डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर टाकली की प्रत कुठल्या देशातली, कुठल्या छपाईची ते बरेचदा कळतं. विक्रेता ‘ओरिजिनल इंग्लंडची’ म्हणाला तर त्याच्यासमोरच फोन काढा.

घरी आणल्यावर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं पुसा, लेबल भिजू देऊ नका. तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. मे महिन्यात गाडीच्या डिकीत विसरलेली तबकडी वाकते, आणि ती सरळ करायचे घरगुती उपाय तिला बहुधा आणखी बिघडवतात. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते. भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि श्रावणात उघडीप मिळाली की कव्हरं सावलीत वाऱ्यावर ठेवा. उन्हात नको, रंग उडतो.